हिंगणघाटचा कर्नल लॅम्बटन

जगातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं, हे प्राथमिक शाळेतलं पोरगंही सांगेल. त्या शिखराला ज्याचं नाव मिळालं तो एव्हरेस्ट हा एक सर्व्हेअर होता, हे स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेल्यांना माहीत असतं. पण या एव्हरेस्टसाहेबाचा साहेब कोण, असं विचारलं की भल्याभल्यांची दांडी गुल! आणि तो साहेब आपल्याच वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, चिरनिद्रा घेतो आहे असं सांगितलं तर समोरचा आपल्याकडे संशयाने बघतो. मित्रांनो, त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

सिव्हिलवाल्यांना टोपोशीट नवी नाही. सर्व्हेइंगच्या लॅबमध्ये भिंतीवर एक तरी फाटकी टांगलेली असतेच. माझं गाव रोहणा. आर्वी तालुक्यातलं, पुलगाव-आर्वी मार्गावरचं. आमचा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५५ एल या डिग्री शीटमध्ये येतो. एक अंश बाय एक अंशाचा चौकोन, त्याचे सोळा भाग, प्रत्येक भागाची एक स्वतंत्र शीट. १ इंचाला १ मैल या जुन्या प्रमाणावरची असो की नंतरची १:५०,०००ची असो, तिच्यात आपलं सगळं शिवार उतरलेलं असतं. नाले, टेकाडं, बरड, गाडीवाट, विहीर, देऊळ, आणि तपकिरी रंगाच्या कंटूर रेषा. पटवाऱ्याच्या नकाशात कुणाचा धुरा कुठे संपतो ते कळतं. पण पाणी कुठून कुठे वाहणार, हे सांगते टोपोशीट. निम्न वर्धा धरणाचं पाणी आज जिथे पसरलं आहे तिथे जुन्या शीटवर अजून कोरडी जमीन आणि वाटा दिसतात. शेततळं, बांधबंदिस्ती, पाणलोटाचं काम, काहीही करायचं असलं तरी सुरुवात याच कागदापासून होते.

या कागदावर कुठे कुठे एक छोटा त्रिकोण असतो, मधोमध टिंब आणि बाजूला उंचीचा आकडा. बहुतेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. खरं तर सगळा नकाशा त्या त्रिकोणांवर टांगलेला असतो. भारतात ते त्रिकोण मांडायला ज्याने सुरुवात केली, त्याची ही गोष्ट.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला, १७५३च्या सुमाराचा. नक्की साल त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. घर शेतकऱ्याचं आणि परिस्थिती बेताची. गावाजवळच्या नॉर्थालर्टनच्या शाळेत शिकताना गणितात चमक दिसली. वशिला नाही, पैसा नाही, म्हणून मग सैन्यात गेला. १७८१ साली ३३व्या पायदळ पलटणीत सर्वांत खालच्या अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि थेट अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात रवानगी झाली. तिथे यॉर्कटाऊनला इंग्रजांनी शरणागती पत्करली आणि हा पठ्ठ्या कैदी झाला. नोकरीची सुरुवात याहून वाईट काय असणार?

सुटका झाल्यावर त्याने कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक भागात जमिनी मोजण्याचं काम केलं. पुढे तिथेच बराकींच्या देखभालीची नोकरी धरली. जवळजवळ तेरा वर्षं हा माणूस जगाच्या एका कोपऱ्यात बसून होता. बरोबरचे लोक वर चढत गेले, हा मात्र पुस्तकं वाचत राहिला. गणित, खगोलशास्त्र आणि पृथ्वीचा आकार नेमका कसा मोजायचा हा विषय. सूर्यग्रहण बघताना एका डोळ्याची दृष्टी अधू झाली असंही त्याच्याबद्दल सांगतात. पुढे ज्याला आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावायचा होता, त्याची ही तऱ्हा!

चाळिशी उलटल्यावर नशिबाने कूस बदलली. पलटण हिंदुस्थानात आली आणि लॅम्बटनही तिच्यात परत रुजू झाला. पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९च्या टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत लॅम्बटन जनरल बेअर्डच्या हाताखाली होता. श्रीरंगपट्टणच्या वेढ्याआधी एका रात्री बेअर्डची तुकडी अंधारात परत छावणीकडे निघाली. लॅम्बटनने वर तारे बघितले आणि जनरलला सांगितलं की आपण उत्तरेऐवजी दक्षिणेला, म्हणजे शत्रूच्या तोंडात चाललो आहोत. जनरलला काही ते पटलं नाही. शेवटी होकायंत्र काढून बघितलं तर तारेच खरे निघाले. तुकडी वाचली आणि लॅम्बटनच्या शब्दाला थोडं वजन आलं.

त्या बळावर त्याने एक प्रस्ताव मांडला. म्हैसूरची मोजणी तर होणारच होती. पण नुसता एका राज्याचा नकाशा न करता मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची अखंड साखळी टाकू, आणि ती टाकताना पृथ्वीचा आकारही मोजू. मद्रासच्या कारभाऱ्यांना हे उधळपट्टीचं काम वाटलं. त्यातल्या एकाचं म्हणणं असं की श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांच्या म्होरक्याला सांगितलं की तो बिनचूक नेऊन पोचवतो, मग नकाशा कशाला हवा? (हा युक्तिवाद आजही ऑफिसांत वेगळ्या रूपात ऐकू येतो.) वेलस्लीने पाठिंबा दिला आणि काम मंजूर झालं.

इथे जरा थांबून थिअरी बघू. एका त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन माहीत असले की साइन रूलने उरलेल्या दोन बाजू निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करायचे, त्यांचे फक्त कोन मोजायचे. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष लांबी मोजायची ती सुरुवातीला एकदाच, तिला बेसलाइन म्हणायचं. ऐकायला किती सोपं! पण त्या एका लांबीत चूक झाली की ती पुढच्या शेकडो मैलांत पसरत जाते. म्हणून बेसलाइन मोजताना दया-माया नसते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली बेसलाइन मोजायला सुरुवात झाली. साधन होतं १०० फुटांची पोलादी साखळी. तिचाही इतिहास मजेदार आहे. इंग्रजांच्या वकिलातीने चीनच्या बादशहाला नजर करायला ती नेली होती. बादशहाने घेतली नाही, आणि फिरत फिरत ती लॅम्बटनच्या हाती लागली. ती जमिनीवर नुसती अंथरून चालत नाही. लाकडी पेट्यांमध्ये ठेवायची, पेट्या तिवईवर सपाटीत आणायच्या, ठरलेल्या वजनाने ताण द्यायचा, आणि उन्हाने पोलाद वाढतं म्हणून थर्मामीटर लावून प्रत्येक वेळी तापमान लिहायचं. एप्रिल-मे महिन्यातलं मद्रासचं ऊन! अशी चारशे वेळा साखळी टाकली तेव्हा साडेसात मैल झाले. टेप करेक्शनचे सगळे फॉर्म्युले आपण जर्नलमध्ये उतरवतो, ते तिथे घामाने लिहिले गेले.

दोन वर्षांनी, १८०४ मध्ये, त्रिकोणांची साखळी बंगळूरला पोचली. तिथे त्याने दुसरी बेसलाइन मोजली. उद्देश एकच, स्वतःची परीक्षा. मद्रासहून गणिताने आलेली लांबी आणि बंगळूरला प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक निघाला ३.७ इंच. सुमारे सात मैलांत पावणेचार इंचही नाही! आता कॉलेजच्या मैदानावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज कशी बरोबर १८० अंश 'आणली' जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लॅम्बटनच्या कागदांत चूक लपवलेली नाही, उलट ती मुद्दाम शोधून लिहून ठेवलेली आहे. मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

साखळी मंगळूरला भिडली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. जुन्या नकाशात मद्रास ते मंगळूर अंतर ४०० मैल होतं, ते निघालं ३६०. चाळीस मैल जमीन नकाशावरून गायब! मग नकाशा कशाला हवा असं विचारणारे गप्प झाले.

आता त्याच्या थिओडोलाइटबद्दल. आपण ज्याला हातात उचलून कडेला ठेवतो तसलं हे यंत्र नव्हे. लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेलं, ३६ इंच व्यासाच्या आडव्या चक्राचं, अर्ध्या टनाचं धूड. उचलायला डझनभर माणसं लागत. समुद्रातून येताना ते फ्रेंचांच्या लढाऊ जहाजाने पकडलं आणि मॉरिशसला नेलं. पण हे विज्ञानाचं साधन आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. दोन्ही देशांत तेव्हा युद्ध चालू होतं, बरं का!

पुढचं संकट आलं १८०८ मध्ये तंजावरला. मुलूख सपाट, भोवती ताडामाडांची गर्दी, लांबचं दिसायला उंच जागा नाही. म्हणून बृहदीश्वराच्या देवळाच्या उंच शिखरावर यंत्र चढवायचं ठरलं. चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. पेटीचा चुराडा झाला, चक्र वाकलं. दुसरा कुणी असता तर रिपोर्ट लिहून मोकळा झाला असता. लॅम्बटनने तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि लाकडी हातोडी घेऊन ते चक्र केसाकेसाने ओढून पुन्हा गोल केलं. त्याच यंत्रावर पुढे वर्षानुवर्षं काम चाललं. मेकॅनिकलच्या मित्रांनी यावर विचार करावा.

आडवी साखळी झाल्यावर त्याने उभी साखळी धरली. ७८व्या रेखांशाच्या आसपास, कन्याकुमारीपासून उत्तरेकडे. यालाच पुढे ग्रेट आर्क म्हणू लागले. रेखावृत्तावरच्या एका अंशाची जमिनीवरची लांबी दक्षिणेत किती आणि उत्तरेत किती, हे मोजलं की पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे ते कळतं. लॅम्बटनला खरी ओढ होती ती याची. नकाशे हे कंपनी सरकारला दिलेलं आमिष होतं, असं म्हटलं तरी चालेल.

पण हे आमिष साधं नव्हतं, हेही लिहायला हवं. कंपनीला नकाशा हवा होता तो फौजा हलवायला आणि सारा वसूल करायला. ज्यांच्या टेकड्यांवर झेंडे रोवले जात त्या गावांना कुणी विचारत नव्हतं. निशाण रोवणारे परके लोक बघून गावकरी आणि पाळेगार बिथरत, त्यात काही वावगं नव्हतं. दुर्बिणीतून बायका उलट्या दिसतात, हीही एक तक्रार होती म्हणे. जुन्या थिओडोलाइटमध्ये प्रतिमा खरोखरच उलटी दिसायची, त्यामुळे तक्रार शास्त्राला धरून होती! आणि ती साखळी ओढणारे, झाडं तोडणारे, डोंगरावर झेंडा घेऊन दिवस दिवस उभे राहणारे खलाशी, लष्कर, हरकारे? त्यांची संख्या मोठी, पण नावं नाहीत. मद्रासच्या सर्व्हे शाळेत शिकलेली अँग्लो-इंडियन अनाथ मुलं मात्र लॅम्बटनने हाताशी धरून तयार केली. त्यातला जोशुआ डी पेनिंग तर त्याचा उजवा हात झाला. इंग्लंडला लॅम्बटन परत कधीच गेला नाही. त्याचं घर म्हणजे त्याची छावणी, आणि त्याची बायकामुलंही याच देशातली.

मोजणीचा हंगाम पावसाळा. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण विचार करा. उन्हाळ्यात आपल्याकडे क्षितिज कसं धुळीने आणि झळांनी थरथरतं! पाऊस पडून गेला की हवा धुतल्यासारखी होते आणि वीस-तीस मैलांवरचा झेंडा दिसतो. पण जंगलातला पावसाळा म्हणजे हिवताप. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात तरुण एव्हरेस्टच्या तुकडीतली जवळजवळ सगळी माणसं तापाने पडली, काही मेली. स्वतः एव्हरेस्ट इतका खंगला की हवापालटासाठी त्याला दक्षिण आफ्रिकेत पाठवावं लागलं.

हा एव्हरेस्ट १८१८च्या अखेरीस हैदराबादला लॅम्बटनचा मुख्य सहायक म्हणून आला होता. त्याच वर्षी या कामाला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि ते मद्रासकडून गव्हर्नर जनरलच्या ताब्यात गेलं. लॅम्बटन तोवर साठी ओलांडलेला. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं आणि पॅरिसच्या अकादमीनेही मान दिला. एव्हरेस्टला पहिल्या भेटीत एक थकलेला, गप्प गप्प म्हातारा दिसला. पण तो थिओडोलाइट लावायला उभा राहिला की अंगातला थकवा झटकून टाकायचा, हे एव्हरेस्टनेच लिहून ठेवलं आहे.

१८१५ मध्ये बिदरजवळ एक बेसलाइन झाली होती. तिथून निजामाचा मुलूख ओलांडत त्रिकोण वऱ्हाडात आले. १८२२ मध्ये एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, त्याच्या जवळ टाकरखेड्याला पुढची बेसलाइन मोजली गेली. म्हणजे आर्वी-रोहण्याच्या पश्चिमेला, वर्धा नदीपलीकडच्या काळ्या मातीतून ही साखळी सातपुड्याकडे सरकली. लॅम्बटनबरोबर डॉ. हेन्री व्हॉयसी हा सर्जन होता, त्याला दगडांचा नाद. आपल्या भागातल्या काळ्या पाषाणाचा आणि गाविलगडच्या डोंगरातल्या शिंपल्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणारा तो पहिल्या काही जणांपैकी एक. एव्हाना कन्याकुमारीपासून अक्षांशाचे जवळपास १३ अंश, म्हणजे सुमारे १४०० किलोमीटर मोजून झाले होते. सगळ्या साखळ्या मिळून १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख बांधला गेला. आजच्या महाराष्ट्राच्या सव्वापटीहून मोठा.

पुढचं काम उत्तरेचं. हैदराबाद मागे पडत होतं, म्हणून मुक्काम नागपूरला हलवायचं ठरलं. सीताबर्डीची लढाई होऊन गेली होती, आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली होती आणि नागपुरात इंग्रज रेसिडेंटचा वचक होता. लॅम्बटनला खोकल्याने धरलं होतं, क्षय झाला होता. वय सत्तरीच्या घरात. तरीही तो हैदराबाद-नागपूर रस्त्याने निघाला. एव्हरेस्ट तेव्हा दूर, मुंबईच्या दिशेने साखळी टाकण्याच्या कामावर होता.

वणा नदीकाठी हिंगणघाटला मुक्काम पडला. कापसाच्या बाजाराचं गाव. तेव्हा वर्धा जिल्हा नव्हता, तो १८६२ साली झाला. हा सगळा नागपूर राज्याचा मुलूख. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर होतं, पण ते गाठायचं राहिलं. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या छावणीत लॅम्बटनने प्राण सोडला. वीस वर्षांहून जास्त काळ चाललेली मोजणी तिथेच थांबली. त्याला तिथेच पुरलं.

छावणी विस्कटली. डी पेनिंग नोकरी सोडून मद्रासला गेला. पुढल्याच वर्षी व्हॉयसीही वारला. एव्हरेस्टने सूत्रं हातात घेतली आणि १८४१ मध्ये साखळी डेहराडूनपर्यंत नेली. त्याने बरंच काम नव्या उपकरणांनी पुन्हा करून घेतलं आणि गुरूच्या कामातल्या उणिवाही स्पष्ट दाखवल्या. ते योग्यच होतं, शास्त्रात असंच चालतं. पण हळूहळू झालं असं की सगळं काम एव्हरेस्टच्या नावावर जमा झालं. राधानाथ सिकदर यांच्या आकडेमोडीतून सगळ्यात उंच ठरलेल्या शिखराला १८६५ मध्ये एव्हरेस्टचं नाव लागलं. (त्याच्या आडनावाचा मूळ उच्चार ईव्हरेस्ट. जग तोही चुकीचाच करतं.) लॅम्बटनच्या नावाचं एखादं टेकाडही आमच्या शीटवर नाही.

लॅम्बटनचं काम मात्र शीटवर आहे, आणि ते शोधायला भिंग लागत नाही. १८३० साली एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले, चपटेपणा १/३००.८०, ते लॅम्बटनच्या आणि स्वतःच्या मोजणीवरून. त्यालाच एव्हरेस्ट स्फेरॉइड म्हणतात. आपल्या सगळ्या जुन्या टोपोशीट त्यावर बसवलेल्या आहेत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुल्या असलेल्या शीट डब्ल्यूजीएस-८४ वर आल्या, ज्यावर आपल्या मोबाइलमधलं जीपीएस चालतं. म्हणून जीपीएसचे अक्षांश-रेखांश जुन्या शीटवर तसेच्या तसे टाकले तर आपल्या भागात विहीर शंभर मीटरहून जास्त सरकते आणि शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडते! जुन्या शीटची त्यात काही चूक नाही, दोघांच्या पृथ्वीचं माप वेगळं आहे. प्रोजेक्टसाठी जुनी शीट स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवणाऱ्यांनी आधी कोपऱ्यातली टीप वाचावी आणि डेटम बदलून घ्यावा.

लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे. जॉन की या इंग्रज लेखकाने २००० साली ग्रेट आर्कवर पुस्तक लिहिलं, त्यानंतर जगभरातल्या वाचकांना या गावाचं नाव कळलं. सर्व्हेला दोनशे वर्षं झाली तेव्हा मद्रासच्या सेंट थॉमस माउंटवर त्याचा अर्धपुतळाही बसवला गेला. आपल्या विदर्भातल्या कॉलेजांच्या सर्व्हे कॅम्पचा एक दिवस हिंगणघाटला काढायला हरकत नाही. वर्ध्याहून तासाभराचाही रस्ता नाही, आणि शीटही वेगळी लागणार नाही. रोहणा आणि हिंगणघाट दोन्ही ५५ एल मध्येच येतात.